पांढऱ्या पट्ट्याखालचं पाणी

बाबांचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या पंपघरात होतो. मोटरच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून ती बंद केली. बाबा म्हणाले, "तुही मोठीमाय गेली, बाबू. तलावाच्या पाळीवर साप चावला. भंडाऱ्याले पोचलोच नाई." फोन कटला असं वाटून मी हॅलो हॅलो करत राहिलो… "अन् तलाव सोडला लोकाईनं," ते म्हणाले. "तिले अजून अंगणात ठेवलीच हाय, अन् तिकडं पाणी चाललं." यातली कोणती बातमी जास्त लागली ते मला अजून नक्की सांगता येत नाही. वरच्या मजल्यांवरून पाणी नाही म्हणून ओरड सुरू झाली होती. मी मोटर परत चालू केली, आणि मग रडलो.

पंचफुला माझ्या बाबांची वहिनी, म्हणून माझी मोठीमाय. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं तिनंच. लाडानं वाढवलं असं लिहिलं तर ती वरून हसेल. उवा काढताना फणी टाळूवर आपटायची, आणि ओरडलो तर म्हणायची, "उवा कायले पाळते मंग?" आमचं गाव अड्याळकडं. नाव लिहीत नाही, बाबांना तिथंच राहायचं आहे. मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, काळातला तलाव, त्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, सगळ्यांची धानाची वावरं, आणि गावाच्या उतरतीला आमची बौद्धांची वस्ती. तलावात पाणी असेल तर विहिरींना पाणी असतं, हे तिथलं पोर चालायला लागायच्या आधी शिकतं. आमची विहीर मोठीमायच्या घराच्या मागं. तिकडं जायचं तर घरातूनच जावं लागतं.

मी आठवीत असताना जिल्ह्याचे साहेब लोक आले आणि शाळेच्या भिंतीवर त्यांनी चित्रं दाखवली. पाऊस आता एकदम कोसळेल आणि मग महिनाभर तोंड दाखवणार नाही, म्हणून गावानं हवामान बदलाशी जुळवून घ्यायचं, असं ते सांगत होते. हलका धान लावायचा म्हणजे तो लवकर निघतो. तलावाचं शेवटचं पाणी धानाला द्यायचं नाही, ते विहिरींसाठी, गुरांसाठी आणि मासोळीच्या बीजासाठी ठेवायचं. पाणी सोडायच्या जागी, तुडुमाच्या दगडावर, त्यांनी पांढरा पट्टा ओढला. जुना लाकडी खुंटा काढून लोखंडी गेट बसवलं आणि त्याची हातभर लांब चावी गावाच्या पाणी समितीकडं दिली. पट्ट्याखाली पाणी गेलं की चावी फिरवायची नाही, एवढाच नियम. सगळ्यांनी हात वर केले. समितीचं अध्यक्षपद बाईसाठी राखीव होतं आणि दोन्ही पार्ट्यांना एकमेकांची बाई नको होती, म्हणून मोठीमायचं नाव लागलं. ती तर सभेला नव्हतीच, दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या खाचरात, रोवण्याला गेली होती. संध्याकाळी चिखलाच्या पायानं घरी आली तर ओट्यावर चावी ठेवलेली. "हे कोणाचं लोखंड?" तिनं विचारलं. मोठेबाबा, म्हणजे तिचा नवरा, फार न बोलणारा माणूस. ते म्हणाले, "तुहंच." मागच्या दाराच्या वरच्या चौकटीला तिनं खिळा ठोकून घेतला. ती बुटकी, तिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

हात वर करणाऱ्यांनी पुढच्या वर्षीही भारी, उशिरा निघणारा धानच लावला, कारण तो जास्त पिकतो. तिनं दारोदार जाऊन सांगून पाहिलं. हँडपंपावर बाया म्हणायच्या, "सरका बापा, मालगुजारीण आली." धनराजकाकांचं वावर तलावाला लागून, गावात सगळ्यात मोठं. चावडीवर पोराटोरांसमोर ते तिला म्हणाले, "आमचे बुढे तुमाले वरून पाणी ओतून देत होते. आता चावी तुमच्याच हातात." लोक हसले. मी तिच्या मागं उभा होतो, माझे कान तापले. मोठीमाय जराही न अडखळता म्हणाली, "ओता ना, काका. तहान तर अजून हायच."

पण ती चांगली होती आणि गाव वाईट, इतकं सोपं नव्हतं. धान लोंबीवर आला आणि पाऊस गेला. पाणी पट्ट्याला टेकलं. तलावापासून शेवटचं वावर आमचं, तिथपर्यंत पाणी आलंच नव्हतं. बाबा तिच्या ओट्यावर गेले. वहिनीसमोर ते कधी बसायचे नाहीत, त्या दिवशी बसले. एका वेळेपुरतं पाणी सोड म्हणाले. ती तांदूळ निवडत होती. "तुमचंच वावर हाय, भाऊजी. म्हणून तर बिलकुल नाई." बाबा म्हणाले, "घरचं जाळून पुढारीण होतं का?" तिनं सुपातला खडा काढून बाहेर टाकला आणि "हो" म्हणाली. आमचा धान उभ्या जागी वाळला. गुरंही खाईनात असा. मी नववीत होतो, शाळा तिथंच सुटली. बाबा तिच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. ती मात्र बाबांना भाजी पाठवत राहिली. बाबा खात, आणि वाटी न धुता परत पाठवत.

मला पुण्याला लावून दिलं तिनंच. भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा एक प्लंबर इकडं पुण्यात कामं घ्यायचा, त्याच्या घरी जाऊन बसली. पोराला वॉल फिरवता येतो, तलावावर शिकला आहे, असं ती बिनधास्त खोटं बोलली. गाडीत बसताना लाखोरीची डाळ दिली आणि म्हणाली, "रागात जाऊन राहिला, तं जा. रागात माणूस काम चांगलं करते." आज माझं जे काही आहे ते त्या खोट्यावर उभं आहे. पंधरा मजल्यांचं पाणी माझ्या हातात आहे. आपल्याला कोणी काढून टाकेल ही धास्ती रोज सकाळी उठते, माझ्याही आधी. पण ती नोकरी असलेल्या माणसाची धास्ती आहे, आणि त्यासाठी मी तिचा आभारी आहे. दर रविवारी तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न, "जिता हायेस ना?" दुसरा, "तिथले लोक पाणी कसे वापरून राहिले?" कारंजं आहे म्हणून सांगितलं तर तिला खरंच वाटलं नाही.

नंतरची काही वर्षं बरी गेली. साहेबांनी गेटाजवळ तिला उभं करून फोटो काढला, तिचा फ्लेक्स ग्रामपंचायतीवर लागला. यंदा पुन्हा तेच… धान लोंबीवर, आभाळ कोरडं, पाणी पट्ट्यावर. रोज सकाळी ती पाळीवर जायची, चावी खांद्यावर टाकून, घरात ठेवली तर कोणी नेईल म्हणून. साहेबांना तिनं फोन केला की एकदा येऊन लोकांना तुम्हीच सांगा. स्थानिक पातळीवर समन्वय साधा, असं उत्तर मिळालं. तिनं मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी म्हणालो, म्हणजे ते येणार नाहीत. शेवटच्या रविवारचं आमचं बोलणं एवढंच. त्याच आठवड्यात पाळीच्या गवतात तिला साप चावला. ती चालत घरी आली, चावी खिळ्याला अडकवली, मग खाली बसली.

आमच्याकडं मयताच्या घरून त्या दिवशी कोणी काही मागत नाही. विळा नाही, दोर नाही, चुलीतला विस्तव नाही. लोक आले, कुंपणाशी उभे राहिले. उघड्या घरातून आरपार, मागच्या दारात चावी लटकताना दिसत होती. ती मागायची कशी? म्हणून त्यांनी मागितली नाही. बोअरवाल्याचा मोठा पाना आणला आणि गेट त्यानं फिरवलं. खांदा द्यायला वस्तीतलेच तेवढे राहिले, बाकी सगळे आपापल्या बांधीत पाणी वळवत होते. मी पोचलो तेव्हा माती झालेली होती. धनराजकाका भेटले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या घरी दुःख होतं, बाबू. आमी चावी मागाले नाई आलो." ते हे मनापासून सांगत होते. त्यांना वाटत होतं, आपण मान राखला.

पान्यानं उघडलेलं गेट मग बंद होईना. दांडा वाकला होता. पट्टा उघडा पडला, त्याखालचे दगड उघडे पडले, शेवटी चिखल राहिला आणि चिखलात तडफडणारी मासोळी. पोरं टोपल्या भरत होती, बगळे त्यांच्यात फिरत होते. बांधी तुडुंब भरल्या, आणि त्या भरलेल्या बांधीवर पाऊस आला. महिनाभर न आलेला सगळा एकदम आला, भिंतीवरच्या चित्रात होता तसाच. तलावात पडलेलं पाणी उघड्या गेटातून थेट वावरात. धान आडवा झाला, लोंब्यांना पाण्यातच कोंब फुटले. थोडाफार आधी कापलेला होता तो झाकायला कोणी ग्रामपंचायतीवरचा फ्लेक्स काढून आणला. धनराजकाकांच्या धानावर मोठीमाय उताणी पडून होती, तोंडावर पावसाची डबकी. मी बघत राहिलो. हसू आलं, आणि त्या हसण्याची भीती वाटली.

मोठीमायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, धनराजकाका दोघांना घेऊन दारात आले. मिस्त्री म्हणतो मूळ चावी लागेल, असं चप्पल काढता काढता म्हणाले. मोठेबाबांनी खिळ्यावरून चावी काढली. मुठीला तिनं जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, उन्हात लोखंड चटका देतं म्हणून. ते म्हणाले, "न्या. आता मागता येते." मीही सोबत गेलो. पान्यानं दांड्याचं डोकं गोल झालं होतं, चावी बसे आणि नुसतीच फिरे. काका बराच वेळ फिरवत राहिले, घामेघूम. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली.

आता डिसेंबर आहे. बाबा सांगतात, वरच्या आळीच्या विहिरींचा तळ दिसतो. उतरतीला असल्यानं आमच्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं आहे. सकाळ-संध्याकाळ बाया हंडे घेऊन मोठीमायच्या घरातून मागं जातात, धनराजकाकाही येतात. मोठेबाबा दोर हातात देतात, कोणाला नाही म्हणत नाहीत. चावी परत तिच्या खिळ्याला आहे. वाकायचं लक्षात राहिलं नाही की येणाऱ्याच्या कपाळाला लागते. परवा काकांना चांगलीच लागली. खिळा वर ठोकून देऊ का, असं बाबांनी विचारलं.

"राहू दे," मोठेबाबा म्हणाले. "लागू दे थोडं."