साडूंचं पहिलं महायुद्ध

पहिलं महायुद्ध नेमकं कुणाच्या चुकीनं झालं, हे अख्ख्या आटपाडी तालुक्यात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माझा थोरला साडू आहे, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. फौजेतून ते हवालदार म्हणून परतले ते एक सल घेऊनच. दहावी नाही म्हणून पुढची बढती हुकली होती. चाळिशी उलटल्यावर त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं आणि घरातच स्वतःची शाळा काढली. सकाळी सहाला शिट्टी, मग हजेरी (विद्यार्थी एकच, तरी), मग गणित. मधल्या सुट्टीत शेरडं सोडायची. इतिहासाचा तास मात्र कराडला, माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात. नव्व्याण्णव साली मी तिथं नुकतंच इंटरनेट घेतलं होतं आणि सांगलीच्या माझ्या भावाला त्यावरून दिवाळीच्या शुभेच्छा धाडल्याचं येईल त्याला ऐकवत होतो. साडू दर मंगळवारी विट्याला गाडी बदलून यायचे, बूट दाराबाहेर काढायचे आणि पडद्यापुढं ताठ बसायचे.

चित्र वरून खाली इंचाइंचानं उतरायचं. आधी मुकुट, मग कपाळ. मिशा दिसेपर्यंत साडूंचा चहा संपलेला असायचा, आणि मिशा पाहिल्याशिवाय ते कुठल्याच राजाबद्दल मत देत नसत. इंग्रजी मजकूर मी मराठीत सांगायचो, ते वहीत राजांच्या सोयरिकी मांडायचे. इंग्लंडचा राजा, जर्मनीचा कैसर आणि रशियाचा झार एकमेकांचे भाऊ लागतात हे कळलं, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आवं, मग ही तर भावकी! भांडणं न्हाई व्हणार तर काय?"

युद्ध पेटेपर्यंत कैसर आणि झार एकमेकांना तारा करत होते, असं मी पुढं सांगितलं. साडू खवळलेच. "तारा कसल्या करत्यात? एकानं उठून दुसऱ्याच्या दारात जायचं की!"

मला खोडी काढायची हुक्की आली. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून साडू आणि त्यांचा धाकटा भाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते. दोघांच्या घरांची मधली भिंत एकच. मी विचारलं, "तुमच्या भावाचं दार किती लांब आहे हो?"

साडूंनी वही मिटली. त्या दिवशी दुसरा चहा तसाच राहिला.

मार्चच्या पेपरात वर्षभर वाट पाहिलेला प्रश्न आला: पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा. साडूंनी दोन कारणं लिहिली. तिसरं लिहिता लिहिता उठले, पेपर पर्यवेक्षकांच्या हातात दिला आणि तडक भावाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काय बोललात?" मी नंतर विचारलं.

"काय बोलायचं? च्या टाक म्हनलं."

निकाल लागला. बाकीचे विषय सुटले, साडू इतिहासात गेले. मला मनापासून वाईट वाटलं. पुढच्या मंगळवारी समजूत घालायची तयारी करून बसलो, तर दाराबाहेर बुटांशेजारी वहाणांचाही एक जोड.

"धाकट्यानं बी फॉर्म भरलाय, पाव्हणं. इतिहासात लय कच्चा हाय. मी घेतो करून."

दोघं खांद्याला खांदा लावून कैसरच्या मिशांची वाट बघत बसले. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला. सांगली कराडहून दोन तासांवर आहे. आमच्यात भांडण असं काही नाही, नुसतं जाणं-येणं सुटलंय. त्या दिवाळीलाही मी भावाला कॉम्प्युटरवरूनच शुभेच्छा धाडल्या. त्याचं उत्तर लगेच आलं.