दातांनी ऐकणारा मिस्त्री

एका माणसाला कानांनी ऐकू येत नाही, ही गोष्ट मी चार लोकांना हसवण्यासाठी सांगून टाकली. माझी चूक एवढीच.

तसा मी चुकांच्या बाबतीत गर्भश्रीमंत आहे. मित्राच्या लग्नाला म्हणून गेलो आणि शेजारच्या मांडवात जेवून, अहेर देऊन परत आलो, असा मी माणूस. त्या चुका सांगताना तुम्ही हसता, मीही हसतो. ही सांगताना हसू येत नाही, म्हणून लिहून काढतो.

आणीबाणी उठली त्या सुमारास मी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये कारकून होतो. मिल उसन्या तांदळाची, म्हणजे धान आधी उकडून मग कांडायची. धान मोठाल्या हौदांत गरम पाण्यात सहा-सात तास भिजायचं. हे पाणी नुसतं भरून ठेवून चालत नाही. बॉयलरशेजारचा एक पंप ते हौदाच्या तळातून ओढायचा, वाफेच्या नळ्यांवरून तापवत न्यायचा आणि पुन्हा वरून सोडायचा. पंप थांबला की खालचं धान थंड, वरचं शिजलेलं, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या मिलला आंबूस वास. त्या पंपाचा जो मिस्त्री, त्याच्याविषयी हे आहे.

पंप बिघडला की सगळे एकदम बोलायला लागत. कोणी म्हणे बेअरिंग गेली, कोणी म्हणे हवा धरली. मिस्त्री हात वर करायचा. "थांबा. पहिले त्याले बोलू द्या." मग हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, काढून त्याचं टोक पंपाच्या अंगावर टेकवायचा, लाकडी मूठ दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. देवळात लोक मिटतात तसे. थोड्या वेळाने पेचकस काढून सांगायचा, जाळीत कोंडा अडकला आहे, किंवा पाणी गळू न देणारी ग्लँडची दोरी झिजली आहे. उघडून पाहिलं की तेच निघे. ही त्याची एक लकब आहे, असं आम्ही सगळे समजत होतो.

एकदा तो नात्यातल्या लग्नाला अड्याळला गेला आणि नेमकी त्याच दिवशी पंपाची मोटर दुरुस्त होऊन आली. तारा जोडायला मिस्त्री कशाला हवा, म्हणून मीच जोडल्या. मोटर फिरली, आवाजही झोकात आला, पण पाणी मात्र बाळाच्या धारेएवढं. मी निदान केलं, पंप झिजला. हमालांकरवी तो उघडला, जाळी धुतली, दोरी बदलली. तेवढीच धार. शेवटी पंपच काढून गोदामातला कोरा पंप बसवला. तरी तेवढीच धार. एका दिवशी दोन पंप झिजल्याचा तो जगातला पहिला प्रसंग असावा.

सकाळी मिस्त्री बसमधून उतरून थेट पंपावर आला. पेचकस दातांत धरला, काढला, आणि मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली. हौदात धो धो पाणी पडायला लागलं.

"उलटा फिरून राहिला होता," तो म्हणाला. "पयला पंप चांगलाच होता, बाबू. तुमी चांगला काढून चांगला बसवला."

तो पुन्हा पंपाकडे वळला आणि मी त्याच्या पाठीमागे उभा राहून माफी मागितली. चांगली लांबलचक, मनापासून. माझं शिक्षण वाया गेलं इथपर्यंत आलो. मिस्त्री वळला, माझे ओले डोळे पाहून दचकला आणि म्हणाला, "काही म्हनलं काय?"

माझं तोंड पाहून त्याच्या लक्षात आलं की मला कळलं. मग त्याने मला कोंड्याच्या ढिगामागे नेलं. बावीस वर्षं धान कांडणाऱ्या हलरच्या धडधडाटात उभं राहून त्याचे कान गेले होते. लोकांचं बोलणं त्याला ओठांवरून कळे आणि पंपाचं दातांतून. मिलमध्ये कोणालाही पत्ता नव्हता.

"कोनाले सांगजा नोको, बाबू," तो म्हणाला. "मालकाले समजलं त मले बॉयलरपाशी उभं राहू देइन काय? अन् मले दुसरं येतेच काय?"

मी आईची शपथ घेतली. त्यानंतर मी त्याचे कान झालो. भोंगा वाजला की मी त्याच्या समोर जाऊन डोकं खाजवायचो. माझ्या डोक्यात काही झालंय, अशी मिलमध्ये वदंता पसरली होती. मिस्त्री करडीहून, त्याच्या गावाहून येताना माझ्यासाठी तलावातले शिंगाडे आणायचा आणि मी सोलून खात असताना कौतुकाने बघायचा.

दोन वर्षं मी ते गुपित पोटात ठेवलं. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटत नाही.

मग एका दुपारी मिलच्या मालकांकडे, शेठजींकडे, बाजारातले चार-पाच व्यापारी आले होते. चहा झाला, पानं झाली. शेठजी मला म्हणाले, "बाबू, सुनाव काही." बैठकीत लोक हसायला लागले की माझं माझ्यावर राहत नाही. माझ्या स्वतःच्या चुका संपल्या आणि मी मिस्त्रीवर आलो. पेचकस कसा धरतो, पंपाला कसा चावतो, सगळं अभिनयासकट. झोपलेल्या चौकीदाराच्या पोटावर पेचकस ठेवून, त्याने काल वांग्याची भाजी खाल्ली होती हे मिस्त्रीने कसं ओळखलं, ते तर मी जागच्या जागी रचलं. कान नाहीत, हे सांगितल्याशिवाय गोष्टीला मजा येत नव्हती. तेही सांगितलं.

शेठजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग उपरण्याने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मंग बॉयलरची धोक्याची शिट्टी वाजली त त्याले कसं समजते?"

मी पानाचं तबक त्यांच्यापुढे सरकवलं.

शेठजी वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी अंगणात त्यांनी मिस्त्रीला शाल-नारळ दिलं आणि त्याच्यासमोर उभं राहून, ओठ नीट दिसतील असं सावकाश सांगितलं की आता घरी आराम कर. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतो.

मिस्त्री मग स्वतःच मला शोधत आला. मला पंपापाशी नेऊन पेचकसाची मूठ माझ्या दातांत दिली. "आयका. आता तुमालेच आयका लागन."

मला माझ्याच दातांचं कडकडणं तेवढं ऐकू आलं.

"काय म्हनते?"

मी समजल्यासारखी मान हलवली. "झूट नोको बोला, बाबू," तो हळूच म्हणाला, आणि शाल खांद्यावर टाकून फाटकाबाहेर गेला.

नवा मिस्त्री आला. त्याच्याकडे मीटर होतं. वर्षभरात त्याने दोनदा पंप बदलला आणि तरी हौद आंबत राहिले. शेवटी शेठजीच म्हणाले, जाऊन त्याला घेऊन ये, बॉयलरपासून दूर बसवू, पण आण.

करडीला उतरलो आणि चहाच्या टपरीवर घर विचारलं. टपरीवाला हसायलाच लागला. "दातमिस्त्री काय?" आणि त्याने मला गोष्ट सांगितली. पेचकस, चावणं, चौकीदाराचं पोट, वांग्याची भाजी. माझीच गोष्ट, मिलच्या हमालांबरोबर माझ्याआधी गावात पोहोचलेली. वर त्याने स्वतःचं एक रेड्याचं प्रकरण जोडलं होतं. चांगलं सांगत होता.

घरी मिस्त्रीची बायको ओसरीत धान पाखडत होती. मिस्त्री नव्हता. तापाचं निमित्त होऊन दोन महिन्यांपूर्वी गेला होता. तिने मला बसवलं, चहा ठेवला आणि विचारल्यावर सांगितलं. गावी आल्यावर शेतकरी त्याला इंजिनं दाखवायला बोलवायचे. तो पेचकस दातांत धरून वाकला की बांधावर माणसं जमायची, तमाशा पाहायला. दोन वेळा त्याने सोसलं. तिसऱ्यांदा काम अर्धवट टाकून घरी आला, आणि पुन्हा कोणत्या यंत्राला हात लावला नाही.

"मंग बसूनच रायले," ती म्हणाली. "बसूनच गेले."

मी म्हणालो, ते सांगणारा मीच.

"मालूम आहे. तुमी खिडकीत उभे होते म्हने. त्यायले तुमचं तोंड पाहूनच समजलं."

मग मी सुरू झालो. माझ्या मनात तसं नव्हतं, व्यापारी हसत होते, शेठजींनीच सांग म्हटलं, मी आईची शपथ दोन वर्षं पाळली होती. हातवारे करत होतो. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी थांबण्याच्या जागा बरोबर घेत होतो, आवाज हवा तिथे उतरवत होतो. तरी थांबता येईना. तिने सूप बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"बाबू," ती म्हणाली, "तुमी लय बोलता. चहा प्या अन् जा आता."