आईंचं पान

उल्हासनगरची खोली विकून फ्लॅट घ्यायचं ठरलं, आणि माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, मोबाइलवर तक्ता केला. एका बाजूला अंबरनाथ पूर्व, दुसऱ्या बाजूला बदलापूरची बेलवली. स्टेशन, पाणी, बाजार, डॉक्टर, प्रत्येकाला दहापैकी गुण. अंबरनाथ बरंच पुढे होतं. या माणसाने मला बघायला येतानाही असाच तक्ता केला असणार.

सासूबाईंना, अंजनाआईंना, कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, याची आज लाज वाटते. जीन्सच्या कारखान्यांसाठी धागे कापण्यात त्यांचा जन्म गेला. अक्षरओळख झाली ती पंचावन्नाव्या वर्षी. तेव्हापासून वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बुद्धविहारात दुपारचं ग्रंथवाचन असलं, की एक पान त्यांचं. त्या बोट ठेवून अडखळत वाचतात आणि बायका थांबतात. नव्या जागी हे पान मिळेल का, एवढीच त्यांना धास्ती. ती त्यांनी भाकऱ्या थापता थापता मला सांगितली. लेकाला नाही.

म्हणून फ्लॅट बघण्याआधी तिथल्या विहारात जायचंच, असा मी हट्ट धरला. मिलिंद धुसफुसला. तक्त्यात तो रकाना नव्हता.

अंबरनाथच्या विहारात बायकांनी चहा दिला, आईंना पुढे बसवून पुस्तक हातात दिलं. तिसऱ्याच ओळीत आई अडकल्या. शेजारच्या बाईंनी मायेने पुस्तक घेतलं, "द्या ताई, मी वाचते," म्हणाल्या आणि खडाखड वाचून मोकळ्या झाल्या.

रिक्षात आई म्हणाल्या, "बाई चांगली होती गं. पण माझं पान राहिलं."

पुढच्या रविवारी बेलवली. विहार कसला, पत्र्याची शेड. आई 'प्रतीत्यसमुत्पाद' या शब्दाशी थांबल्या. तो मलाही एका दमात म्हणता येत नाही. एकदा झालं, दोनदा झालं. मी तोंड उघडणारच होते. शेजारी भागीरथी नावाच्या आजी होत्या. पंख्याने पान उडत होतं, ते त्यांनी दोन बोटांनी दाबून धरलं आणि गप्प बसल्या. सगळ्याच गप्प बसल्या. आईंनी शब्द फोडला, जोडला, वाचला, आणि मग पान संपवूनच मान वर केली.

मिलिंद दाराशी उभा होता. एरवी दुपारी तो ड्युटीवर असतो. आईला अख्खं पान वाचताना त्याने आजवर कधी ऐकलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आई, इथून स्टेशन लांब पडतं."

मी त्याला झोडणारच होते.

"मी जरा लवकर निघत जाईन," तो म्हणाला.