पाठ फिरवणारी अँटेना

देगलूरचे आमचे रेडिओमामा कुणाच्याही घरी गेले, की आधी माणसांकडे नाही, दिव्यांकडे बघायचे. हातातला छोटा ट्रान्झिस्टर बल्बजवळ न्यायचे आणि तो खरखरला की मान हलवायचे. "दिवा गुणाचा न्हाई." एकदा सोयरिकीच्या घरीही त्यांनी हेच केलं. मुलीकडच्यांना वाटलं, मामा वास्तुदोष बघतायत.

मामा हौशी रेडिओवाले. रीतसर परवाना, मागच्या खोलीत बॅटरीवरचा सेट. त्यांचे जिवाभावाचे मित्र, माहूरचे सर, घशाच्या ऑपरेशनात आवाज गमावून बसले होते. तेव्हापासून रोज दिवेलागणीला सर तिकडून मोर्स लिपीत कट-कडकट ठोके पाठवून बोलायचे आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. मोबाईलवर मेसेज करा की, असं आम्ही म्हणायचो. "मेसेजमधी अक्षर येतंय, ठोकणाऱ्याचा हात येत न्हाई," मामा म्हणत. पण सरांचा सेट लहान, आणि आमच्या गल्लीत रोज नवा चार्जर, नवा बल्ब. त्या खरखरीत सर हळूहळू बुडत चालले होते.

ठोके पाठवायची तार, म्हणजे अँटेना, गच्चीवर उंच होतीच. ऐकण्यासाठी मामांनी वेगळी करायला घेतली. "वरडायला उंच चढावं, ऐकायला खाली बसावं," म्हणत आधी परसात गवतावरच तार अंथरली. मामी रोज तिला अडखळायची आणि रोज मामांचा उद्धार करायची. शेवटी त्यांनी फिरत्या स्टुलावर तारेचं मोठं कडं उभं केलं. ज्या आवाजाकडे त्याची पाठ करावी, तो त्याला ऐकूच येत नसे. मामांनी ती पाठ शेजारच्या स्कूटरच्या चार्जरकडे फिरवली. खरखर निम्मी झाली. उरलेली निम्मी आमच्याच देवघरातून येत होती, लेकीने पाठवलेल्या लुकलुकत्या दिव्यांच्या माळेतून. मामीचा त्या माळेवर फार जीव. मामांनी माळ तशीच राहू दिली.

एका संध्याकाळी सगळ्या गल्लीची लाईट गेली. मी तिथेच होते. सेटमधून ठोके आले, सर शेजारी बसून पाटावर टिचक्या मारत असावेत इतके स्वच्छ. मामा लहान पोरासारखे हसले. "आज लई घाई करायलाय. भूक लागली असंल त्याला." तेवढ्यात लाईट आली, देवघरात माळ लुकलुकली, आणि सर पुन्हा खरखरीत गेले. मामी दारात उभी होती. तिने मामांचा चेहरा पाहिला. दुसऱ्या दिवशी देवापुढे माळेच्या जागी तेलाची समई होती.

या उन्हाळ्यात मामा गेले. परवा मी देगलूरला गेले, तर दिवेलागणीला मामीने समई लावली, मग सेट लावला. ठोके आले, थकलेले, थांबत थांबत.

"सरांना कळवलं नाही का, मामी?"

"कळवलं की. मातीला बी आले होते."

"मग हे कुणासाठी?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण हात सरांचाच हाय."

शेजारी कुणीतरी स्कूटर चार्जिंगला लावली. खरखर वाढली. मामीने बसल्या जागेवरून पायाने स्टूल किंचित फिरवलं आणि डोळे मिटले.