निरवांगीची हळद परदेशी बंदरात

सुप्याजवळच्या अभयारण्यात चिंकारा बघून त्याच दिवशी परतायचं, एवढाच बेत होता. निघायच्या आदल्या दिवशी निरवांगीहून सोपानचा, माझ्या कॉलेजातल्या मित्राचा, फोन आला. "आमच्या द्राक्षाचा कंटेनर परदेशातल्या बंदरात धरलाय. दहशतवादाचा संशय हाय. इंग्रजीत जबाब लिवायला ये." चिंकारे राहिले बाजूला.

सकाळी सहाला पुण्याहून बाईक काढली. चौफुल्यापर्यंत हायवे झकास. पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडायची तयारी ठेवा. सुप्यात ऐंशी रुपयांची मिसळ घेतली, पण चव लागेना. हात सारखा फोनकडे जात होता. बारामतीत चहालाही थांबलो नाही.

सोपानकडे पूर्वी मेंढरं होती, आता द्राक्षबाग आहे. खंडोबाचा भंडारा, म्हणजे हळद, कपाळाला लावल्याशिवाय त्या घरातून कोणी बाहेर पडत नाही. सोपानचे वडील, तात्या, मलाही कपाळभर फासायचे. मी पहिल्या वळणावर गुपचूप पुसायचो.

कंटेनर बंद होताना तात्यांनी एका पेटीत भंडाऱ्याची पुडी सारली होती. तिकडच्या तपासणीत पिवळी पूड निघाली. इशारा दिल्लीला, दिल्लीहून पुण्याला, आणि पुण्याचा साध्या वेशातला अधिकारी थेट बागेत. द्राक्षं जेमतेम चार दिवस तगणार होती.

"पुडी कशाला ठेवली, आजोबा?" त्याने विचारलं.

"माल सुखरूप जावा म्हून. परगावी निघालेल्याला आमी मोकळ्या कपाळानं धाडत न्हाय."

मी लिहायला बसलो. आशीर्वाद कुठल्या रकान्यात भरायचा, ते काही कळेना. अधिकारी गेल्यावर मी चिडलोच, "चिमूटभर हळदीसाठी दोन देशांची धावपळ!"

"त्यांचं काय चुकलं?" तात्या म्हणाले. "मेंढरांपाशी नवं माणूस आलं की आमची कुत्री बी भुकायची. न भुकणारं कुत्रं आमी पाळलं न्हाय. चुकलो मी."

निघताना सवयीने मी मान खाली घातली. तात्यांचा हात कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीकडे गेला आणि थांबला. "जा, सांभाळून," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पुण्यात सोपानचा फोन आला. हळदच निघाली, कंटेनर सुटला, द्राक्षं तगली.

"आणि तात्या?"

"भंडाऱ्याला हात लावत न्हाईत."

मला त्या दिवशीचं पहिलं वळण आठवलं. तिथे मी बाईक थांबवून रुमाल काढला होता, आणि पुसायला काहीच नव्हतं.