कारभाऱ्यांनी फायदा दिला

माझ्या नवऱ्याचं नावच कारभारी. आमच्या साक्रीकडे बायका नवऱ्याला कारभारीच म्हणतात, त्यामुळे लग्नात मी नाव घेतलं की नुसतं नवऱ्याला हाक मारली हे कोणाला कळलंच नाही. नणंदा म्हणाल्या, हिनं फसवलं. फसवलं कसलं, फसले ती मीच. नावाचा कारभारी, पण घरात साखर कुठल्या डब्यात असते ते अजून ठाऊक नाही. आठवडाभर इथे सिल्वासाजवळ नरोलीच्या प्लास्टिक कंपनीत मोल्डिंगच्या मशीनपुढे उभं राहायचं आणि सुट्टी आली की गळ्यात शिट्टी अडकवून डोकमर्डीच्या मैदानावर पळायचं, एवढाच त्यांचा कारभार.

रेफरी ते हौसेनं झाले नाहीत. आधी कंपनीच्या टीममध्ये फुटबॉल खेळायचे. गुडघा गेला, तरी मॅच बघायला जायचे. एकदा शिट्टी कोणी घ्यायची यावरूनच दोन टीममध्ये जुंपली. यूपीवाला नको, गुजराती नको, ओडिशाचा नको. हे कडेला गप्प उभे होते. जो बोलत नाही तो कोणाच्याच बाजूचा नसणार, असं म्हणून लोकांनी शिट्टी यांच्या गळ्यात घातली. तेव्हापासून सिल्वासात कुठेही मॅच असली की बोलवा कारभारीला, आणि मॅच संपली की घाला कारभारीला शिव्या. यांना त्याचं काही वाटत नाही. घरी येतात, पाय धुतात, भिंतीला टेकून डोळे मिटतात. विचारलं, काय झालं, तर म्हणतात, काही नाही, दमलो.

नियम त्यांना नारायण सरांनी शिकवले. सर मूळचे मालवणकडचे, इथल्या सरकारी शाळेत खेळाचे मास्तर. माणूस चांगला, पण मराठीचा अभिमान फार. फुटबॉलचे सगळे इंग्रजी शब्द त्यांनी आपल्या मनानं मराठीत आणले आणि शिट्टी वाजवणाऱ्यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवून पाठ करून घेतले. बाकीचे शिकून विसरले. आमच्यांनी मात्र लक्षात ठेवले.

आता या नियमांनी माझा किती जीव घेतलाय ते विचारू नका. आमच्या चाळीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथे कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलवर परदेशातली मॅच चालू असते आणि सगळे त्यात तोंड घालून भांडत असतात. कोणाच्या बुटाचं टोक पुढे होतं म्हणून गोल गेला, रेफरीनं टीव्हीत बघून निकाल फिरवला, आंधळा आहे का, विकला गेलाय का. एकदा बॉल हाताला लागला की खांद्याला, यावर पेटलं. नियमात म्हणे काखेच्या खालचा तो हात आणि वरचा तो खांदा. झालं, सगळी टपरी हात वर करून एकमेकांना काखा दाखवत बसली. मी पॅकिंगच्या कामावरून येत होते, मान खाली घालून निघून आले. आमच्या शेजारचा झुंबर तर सुट्टीच्या दिवशी आमच्या उंबऱ्यात बसून विचारतो, "वहिनी, भाऊंना विचारा ना, गोलकीपर पुढे सरकला तर पेनल्टी परत का घेतात?" अरे, मला काय विचारतोस? माझी भाकरी करपते तिकडे.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण मग ती राखोलीची मॅच आली.

राखोलीच्या टीममध्ये माझा धाकटा भाऊ खेळतो, कल्पेश. तिथेच धाग्याच्या कंपनीत आहे. आई-वडील गेल्यावर मीच त्याला गावाकडून इकडे आणला. माझं माहेर म्हणायचं तर आता तेवढा एकटाच. सेमीफायनल होती, राखोली विरुद्ध नरोली. आम्ही राहतो नरोलीत, मेव्हणा खेळतो राखोलीकडून, आणि शिट्टी यांच्या तोंडात. मी म्हटलं होतं, ही एक सोडा. तर म्हणाले, दुसरं कोणी तयार नाही.

झालं असं. कल्पेश बॉल घेऊन पुढे निघाला. नरोलीच्या पोरानं मागून पाय घातला. कल्पेश आडवा झाला, पण पडता पडता त्यानं बॉल आपल्याच माणसाकडे ढकलला होता आणि तो माणूस सरळ गोलकडे सुटला. यांनी शिट्टी वाजवली नाही. दोन्ही हात पुढे केले, म्हणजे खेळत राहा. त्या माणसानं बॉल मारला तो गोलकीपरच्या हातात. गोलकीपरनं लांब फेकला आणि सगळा लोंढा उलटा फिरला. कल्पेश अजून तिथेच मैदानात पडलेला. त्या धावपळीत कोणीतरी अडखळलं आणि त्याच्या पायावर गुडघा टेकून पडलं. तिकडे नरोलीचा गोल झाला. इकडे माझा भाऊ ओरडत होता.

मग काय, अख्खं मैदान यांच्या अंगावर. फाऊल होता का? हे म्हणाले, होता. दिसला का? दिसला. मग शिट्टी का नाही वाजवली? आणि हा सरळ माणूस, सरांनी शिकवला तोच शब्द बोलला.

"मी फायदा दिला."

फाऊल झाला तरी ज्याच्यावर झाला त्याचीच टीम बॉल घेऊन पुढे निघाली असेल, तर खेळ थांबवून तिचं नुकसान करायचं नाही, असा नियम आहे म्हणे. इंग्रजीत त्याला ॲडव्हांटेज म्हणतात. सरांनी त्याचं फायदा केलं होतं. म्हणजे फायदा दिला होता राखोलीला, माझ्या भावाच्याच टीमला. पण हे कळणार कोणाला? ऐकलं ते एवढंच की रेफरीनं कबूल केलं, फायदा दिला. राहतो नरोलीत, दुसऱ्या कोणाला देणार? शब्द गुजरातीतही तोच, हिंदीतही तोच. संध्याकाळपर्यंत राखोलीच्या चाळींतून तिन्ही भाषांत एकच गोष्ट फिरत होती. कारभारी म्हणालेले ते "मी"सुद्धा कोणी गाळलं नाही.

कल्पेशचं नडगीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून त्याला खोलीवर नेला. मी फोन केला तर उचलेना. झुंबर राखोलीला कामाला जातो, त्याच्या हाती निरोप आला. ताई एकटी आली तर येऊ दे, दाजी नकोत. दाजींना म्हणावं, तुमचं आमचं संपलं.

मला सांगा, मी काय करायचं? एकटी गेले तर नवरा दोषी आहे हे मीच सांगितल्यासारखं. नाही गेले तर भाऊ गेला. रात्रंदिवस तेच डोक्यात. आणि आमच्या दारात काय चाललं होतं, तर नियम. कोणीतरी मोबाइलवर मॅच काढली होती, ती पुन्हा पुन्हा बघायची. एक म्हणे, फायदा मिळाला नाही तर रेफरीनं मागे जाऊन फाऊल द्यायला पाहिजे. दुसरा म्हणे, बॉल मारायला मिळाला म्हणजे फायदा मिळाला, पुढे ते त्याचं नशीब. काही सेकंदांत मागे जाता येतं, पण काही म्हणजे किती, ते पुस्तकातच नाही. सर आले, ते म्हणाले की जबर दुखापत असेल तर लगेच थांबवायचं, किरकोळ असेल तर बॉल बाहेर जाईपर्यंत चालू द्यायचं, आणि जबर की किरकोळ ते रेफरीनं ठरवायचं. पुन्हा भांडण. एकानंही विचारलं नाही की पोराचा पाय कसा आहे. मी प्रत्येकाला सांगत होते, अहो, कल्पेश पडूनच राहिलाय हे यांना दिसलंच नाही, बॉलकडे बघत होते. हे भिंतीला टेकलेले, हो नाही की नाही नाही.

शेवटी मीच उठले. म्हटलं, चला, दोघंही जाऊ, हाकललं तर हाकललं. सर म्हणाले, शब्द माझा आहे, मीही येतो.

राखोलीत खोलीत कल्पेश खाटेवर पडलेला, पाय उशीवर. वाळला होता. यांना बघून त्यानं मोबाइल हातात घेतला आणि त्यात बघत राहिला. सरांनी खाली बसून सगळं सांगितलं. फायदा म्हणजे काय, तो कोणाला, हात पुढे का करतात. बिचारे घामाघूम झाले. कल्पेशनं सगळं ऐकून घेतलं.

"सर, नियम कळला," तो म्हणाला. "मला एकच सांगा, दाजी. मी पडलो तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतं का?"

मी म्हणायलाच निघाले होते की त्यांना दिसलं नाही. पण हे आधी बोलले.

"पाहिलं होतं. हा उठणार नाही, हे तेव्हाच कळलं."

"मग?"

"दुसरा कोणी असता तर शिट्टी वाजवली असती. तू होतास. लोक म्हणाले असते, मेव्हण्यासाठी खेळ थांबवला."

मला भयंकर राग आला. मी चाळभर भांडत होते या माणसासाठी. आणि खरं सांगायचं तर दयाही आली, तिचाही राग आला.

कल्पेशनं मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे मी तुमचा कोणी नसतो, तर पाय वाचला असता?"

हे म्हणाले, "हो."

त्यांनी काहीच जोडलं नाही, ना नियम, ना सबब. कल्पेशनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. सर हळूच उठून बाहेर गेले. हे मात्र तिथेच उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे. मला वाटलं, आता हा म्हणेल, निघा.

मग भिंतीकडे तोंड ठेवूनच तो म्हणाला, "ताई, दाजींना म्हणावं, बसा. जेवल्याशिवाय जायचं नाही."

मी डोळे पुसले आणि त्याच्या खोलीत तांदूळ कुठे ठेवलेत ते शोधायला लागले.