कुंपणापलीकडचे काकाजी

एप्रिलमधला रविवार, कोरोनाचं दुसरं वर्ष. अमरावतीतली आमची कॉलनी, मास्तरांचं अंगण. हजर: अकोल्याहून पास काढून आलेला मास्तरांचा मुलगा, गल्लीतले पाच जण, वॉर्डाचा कर्मचारी आणि कॉलनी समितीची सचिव म्हणून मी. गैरहजर: काकाजी. कारण: वय एकाहत्तर.

कॉलनीत मयत झाली की तिरडी काकाजींनीच बांधायची, हे ठरलेलं. निरोप मिळताच ते सुतळी घेऊन दारात. घरच्यांना म्हणत, "आधी काम, मंग रडू." काम झालं की कोपऱ्यात बसून स्वतःच सगळ्यांत जास्त रडत.

मास्तर त्यांचे रोजचे चहाचे सोबती. हृदयविकाराने गेले. पण पासष्टच्या वरच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा आदेश. कर्मचाऱ्याने काकाजींना फाटकातच अडवलं.

"काकाजी, तुमच्याच भल्यासाठी आहे."

"माह्या भल्याचं मले इचारलं काय कोणी? का पासष्टीनंतर अक्कलही जमा करून घेता?"

धोका खोटा नव्हता. पण मास्क लावून, इतरांपासून चार हात लांब राहून त्यांनी गाठी मारल्या असत्या, तर कुणाचं काय बिघडलं असतं? चाळिशीतला माणूस तोच आजार पसरवत नाही का? त्याच आठवड्यात पंच्याहत्तरीचे पुढारी मांडवात हार घालून घेत होते. त्यांना कोणी वय विचारलं नाही. मी हे सगळं कर्मचाऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मॅडम, मी फक्त नियम सांगतो."

काकाजींचं घर शेजारीच. ते परत गेले आणि आपल्या कुंपणाशी उभे राहून ओरडू लागले, "पोट्टेहो, गाठ आवळा! झोपेत लय कुशी बदलते तो!" मास्तरांचा मुलगा रडता रडता हसला. तिरडी उचलली तेव्हा काकाजींनी तारेवरचा हात कपाळाला लावला. खांदा देता आला नाही.

पुढे कुठे मयत झाली की पोरं त्यांना फोनवर गाठी कशा मारायच्या ते विचारत. ते म्हणत, "मास्तरची तिरडी बांधू देल्ली नाही, आता काय सांगू?"

शेवटी मीच सुचवलं, "सगळे जमू शकलो की मास्तरांची शोकसभा घेऊ. पहिले तुम्ही बोला." त्यावर मात्र ते खुलले. काय बोलायचं ते रोज मला कुंपणावरून थोडं थोडं सांगत. सभागृहं उघडली, लग्नं लागली, पण वयाची अट तशीच. ती उठायच्या आत काकाजी गेले.

मास्तरांची शोकसभा अजून घ्यायची आहे. पहिले कोण बोलणार, ते मला ठरवता आलेलं नाही.